मधला कागद

सुनेनं ते पान माझ्या नाकासमोर धरलं तेव्हा मी चहा पीत होते.

"आई, हे बघा."

"चहा तरी गिळू दे."

"गिळा. पण बघत बघत गिळा."

टोमॅटोचं पान होतं. देठाशी राखाडी लव आली होती, उंदराच्या पिल्लाच्या अंगावर असते तशी. मी फुंकर मारली. त्यातून धुरासारखी भुकटी उडाली आणि सून ओरडली, "फुंकताय काय! घरभर पेरायची आहे का?" तिचं खरं होतं. बुरशीवर फुंकर मारायची नसते. पण सकाळी सकाळी सुनेकडून शिकायची मला सवय नाही, म्हणून मी पान उलटं करून बघितल्यासारखं केलं.

"किती झाडांना आहे?"

"कागदाजवळची सगळी ओळ. आता दुसऱ्या ओळीत शिरतेय."

मी कप खाली ठेवला.

भाजीसाठी आमचं प्लास्टिकचं एक लांबलचक घर आहे. आम्ही त्याला बोगदा म्हणतो. लोखंडी पाईप वाकवून कमानी केल्या आहेत, वरून प्लास्टिकचा कागद ताणलाय आणि दोन्ही बाजूंना खालून वर गुंडाळायचे पडदे आहेत, एक दक्षिणेला आणि एक उत्तरेला. प्रत्येकाला एकेक हँडल. फिरवलं की पडदा वर जातो. दोन्ही पडदे वर गेले की वारा एका बाजूनं शिरतो आणि दुसऱ्या बाजूनं निघून जातो, जाताना आतली ओल घेऊन जातो. बोगद्याची सगळी अक्कल एवढीच.

माझा नवरा आणि त्याचा धाकटा भाऊ, दोघांनी मिळून तो उभा केला. नवरा गेला. धाकटा आहे, अंगणापलीकडच्या घरात. मी लग्न होऊन आले तेव्हा तो दप्तर घेऊन शाळेला जायचा आणि वाटेत चिंचोके खेळत बसायचा. मी त्याला तेव्हाही धाकट्या म्हणायची, आताही म्हणते, त्याच्या मिशा पिकल्या तरी.

थंडी लागायच्या आधी आमचं वाजलं. त्यानं आपल्या सॅलडच्या, म्हणजे कच्च्या खायच्या पानांच्या, रोपांवर वरून फवाऱ्यानं पाणी सोडलं आणि माझे टोमॅटो डोक्यापासून भिजवले. टोमॅटोला वरून पाणी म्हणजे आजार. मी बोलले. गाडी भरायला माणसं आली होती, त्यांच्यासमोर बोलले.

"बोगदा माझ्या नवऱ्यानं उभा केला. तू नुसता खिळे धरायला होतास."

तो म्हणाला, "मग वाटून घेऊ."

"आत्ता घे," मी म्हटलं.

त्याला वाटलं मी अडवीन. मला वाटलं तो थांबेल. आणि बोगद्याच्या मधोमध, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, वरून खाली कागद सोडला गेला. दक्षिणेची बाजू माझी, कारण टोमॅटोला ऊन लागतं. उत्तरेची त्याची. पाण्याचा नळ त्याच्या बाजूला गेला, रात्री ऊब द्यायची लाकडाची भट्टीही त्याच्याच बाजूला. दक्षिणेचं हँडल माझं, उत्तरेचं त्याचं. लोक जमीन वाटतात, भांडी वाटतात. आम्ही वारा वाटला.

थंडी लागली आणि धाकट्यानं उत्तरेचा पडदा खाली सोडला तो सोडलाच. मी माझा कितीही वर केला तरी वारं दारात येऊन उभं राहायचं, आत येत नव्हतं. येऊन जाणार कुठे? समोर कागद. ओल आतच राहायची, रात्रभर थेंब थेंब कागदावरून ओघळायची आणि जवळच्या ओळीवर गळायची. त्यात चार दिवस धुकं पडलं.

हे टोमॅटो आमची थंडी होते. बाहेर कोबी आहे, गाजरं आहेत, पालक आहे. ते काय, सगळ्यांच्याच शेतात असतं. थंडीत लाल टोमॅटो फक्त आमच्याकडून जायचा. तो गेला तर मुलाची गाडी रिकामी, आणि सून परत शीतगृहात, गोठलेले मटार पाकिटात भरायला. मागच्या वर्षी ती तिथून आली तेव्हा तिची बोटं लाल सुजून फुटली होती. ताट धरता येत नव्हतं. तिनं टोमॅटोचं सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं ते त्यासाठीच. एकेक झाड सुतळीवर चढवलेलं, एकेक फुटवा नखानं खुडलेला. तिचे हात कोपरापर्यंत हिरवे-काळे असतात आणि साबणाला दाद देत नाहीत.

"काका एकदा पडदा वर करतील ना," ती म्हणाली, "सकाळचा थोडा वेळ. तेवढ्यानंही सुकेल."

"करेल की. त्याला हात आहेत."

"तुम्ही सांगा ना."

"मी काय म्हणून सांगू? डोळे आहेत त्याला."

पण पाणी तर आणायलाच लागायचं. नळ त्याच्या बाजूला. मी दोन कॅन घेतले आणि उत्तरेच्या दाराशी जाऊन उभी राहिले. आत जाताना हाक द्यायची, असं वाटणीत ठरलं होतं. ठरवलं मीच होतं, त्यानं माझ्या बाजूला डोकावू नये म्हणून.

"येऊ का?" मी ओरडले.

आत तो दिसत होता. खाली वाकून सॅलडमध्ये काहीतरी करत होता. वळला नाही.

"येऊ का, म्हटलं!"

"कोण आहे?"

"तुझी सासू."

"या मग, सासूबाई."

मी आत गेले. गुडघे थंडीनं अडकले होते, पण त्याच्या डोळ्यांदेखत लंगडायचं नव्हतं. नळाला पाणी बारीक. कॅन भरेपर्यंत मी तिथं उभी, आणि तो माझ्याकडे पाठ करून. त्याच्या बाजूलाही वास होता. ओल्या फडक्याचा असतो तसला, कोंदट. भट्टी थंडगार पडलेली, तिच्यावर त्यानं रिकाम्या कुंड्या रचून ठेवल्या होत्या.

"भट्टीचं कपाट केलंस वाटतं," मी म्हटलं.

"सॅलडला थंडी चालते, वहिनी. भट्टी टोमॅटोवाल्यांना लागते."

"आणि पडदा?"

"उत्तरेचं वारं आहे. कोवळी पानं जळतात."

"थोडा वेळ उघडला तर जळत नाहीत."

तेव्हा तो वळला. "मला काय कळतंय, वहिनी? मी खिळे धरणारा माणूस."

मी कॅन उचलले. पाणी हिंदकळून चपलेत शिरलं. दारापर्यंत मी सरळ चालले, आणि दाराबाहेर जाऊन बसले.

दुपारी आम्ही दोघी बाहेर गाजरं धुवायला बसलो. टाकीतलं पाणी असं की हात घातला की हाडापर्यंत कळ जायची. सून गाजर घासत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. ती बघत नाही म्हणजे काहीतरी केलंय.

"बोल," मी म्हटलं.

"मी काकांकडे गेले होते."

माझ्या हातातलं गाजर मोडलं.

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर जाऊ दिलं असतं?"

"काय म्हणाला?"

"म्हणाले, तुझ्याशी माझं भांडण नाही पोरी. वहिनींना येऊ दे. गाडीवाल्यांसमोर बोलल्या ते शब्द परत घेऊ देत. मी दिवसभर पडदा उघडा ठेवतो."

"शब्द काय भाजी आहे, वजन करून परत घ्यायला?"

"आई, झाडं मरतायत." तिनं घासणी पाण्यात टाकली. "आज मी सहा झाडं मुळापासून कापली. खोडालाच लागलं होतं. वर टोमॅटो लटकत होते, पिकायला आलेले. ते काढून मी हातात धरले तर मऊ. तुम्हाला तुमचे शब्द आणि काकांना त्यांचे. मला काय? मला मटार."

मुलगा गाडीखाली आडवा होऊन काहीतरी दुरुस्त करत होता. त्याचे पाय दिसत होते. तो म्हणाला, "ए आई, जा ना एकदा."

"तू गाडीखालून बोलू नकोस. बाहेर येऊन बोल."

तो बाहेर आला नाही. बापाचा शांतपणा त्याच्यात उतरलाय, पण बापाचा कणा वाटेत कुठंतरी सांडला.

दुसऱ्या दिवशी मी गाजरांचा पाला टाकायला मागच्या ढिगाकडे गेले. ढीग दोन्ही घरांचा. त्याची वाटणी करायची राहून गेली होती. तिथं माझी जाऊ, धाकट्याची बायको, पेंढा पसरत होती. मला बघून तिचा हात जरा जास्तच भराभर चालायला लागला.

"ढिगाला कसला पेंढा घालतेस?" मी विचारलं. "त्याला थंडी वाजते?"

"नाही ताई, असंच. वास येतो."

मी पायानं पेंढा सरकवला. खाली सॅलडचे गड्डे होते. एक नाही, पाट्याच्या पाट्या. वरून हिरवेगार, आणि बुडाशी चिखल झालेले, त्यावर तीच राखाडी लव.

ती माझ्याकडे बघत उभी राहिली. माझ्या तोंडाशी कितीतरी आलं होतं. नुसतं हिरवं वाढवता येतं, झाड कळावं लागतं, असं काहीतरी. चांगलं टोचेल असं.

"ताई, त्यांना सांगू नका मी दाखवलं," ती म्हणाली. "ते स्वतः जेवत नाहीत दोन दिवस. रोज सकाळी मलाच टाकायला लावतात. स्वतः इकडे येत नाहीत, तुम्हाला दिसतील म्हणून."

"किती गेलं?"

"निम्मं. रोज आणखी जातंय."

"मग पडदा का नाही उघडत मेला?"

"मी म्हटलं तर म्हणतात, आता उघडला तर वहिनी म्हणतील शेवटी मीच उघडायला लावला."

मी पेंढा परत नीट पसरला. तिच्यासाठी. घरी येऊन सुनेला सांगितलं तर ती हसली नाही. म्हणाली, "छान. दोन्ही ढीग सारखेच उंच होऊ देत. मग बसा वर चढून एकमेकांकडे बघत."

त्या रात्री धुकं विरलं. सकाळी आकाश असं स्वच्छ निघालं की घासलेल्या पातेल्यासारखं. ऊन पडलं, पण त्याला ऊब नव्हती. कोबीची पानं हाताला टणक लागत होती. असल्या दिवसाची मला ओळख आहे. दिवसभर कोरडं वारं राहतं, आणि सूर्य गेला की उघड्यावरचं सगळं पांढरं पडतं. बोगदा आज सुकवला तर सुकला. ओला ठेवून रात्री झाकला तर आतलं पाणी पानांवर बसणार, आणि सकाळी कापायलासुद्धा काही उरणार नाही. भट्टी लागणार होती. दोन्ही पडदे लागणार होते. आणि सगळ्यात आधी मधला कागद जायला हवा होता, कारण तो असेपर्यंत वारं आरपार जाणार नव्हतं.

मी विळा घेतला, स्टूल घेतलं आणि बोगद्यात गेले. माझ्याच बाजूनं.

सून खोडं पुसत होती. "आई, काय करताय?"

"स्टूल धर."

"काकांना विचारलं?"

"मी माझ्या बाजूनं कापतेय. माझ्या बाजूचं कापायला कुणाला विचारायचं?"

कागद वर तारेला सुतळीनं बांधलेला होता, हातभर अंतरावर एकेक गाठ. मी स्टुलावर चढले. विळा पहिल्या गाठीला लावला. थंडीत सुतळी तारेसारखी झाली होती. हात वर धरून धरून खांदा भरून आला. पहिली गाठ तुटली आणि कागद झुकला, त्यावरचं सगळं थंड पाणी माझ्या मानेवरून स्वेटरात गेलं. मी मोठ्यानं शिवी दिली. कुणाला दिली ते मलाही माहीत नाही.

कागदाच्या पलीकडे धाकटा येऊन उभा राहिला. धुरकट दिसत होता, नुसता आकार.

"वहिनी, काय चाललंय?"

"दिसत नाही?"

"हा कागद दोघांचा आहे."

"अर्धी जाडी तुझी, अर्धी माझी. मी माझी अर्धी कापतेय. तुझी जमलं तर धरून ठेव."

मी दुसरी गाठ कापली, तिसरी. स्टूल सरकवायला खाली उतरले, परत चढले. गुडघ्यात काहीतरी कटकन वाजलं. चौथ्या गाठीला तेवढा कागद एकदम खाली आला आणि आम्ही एकमेकांसमोर. तो खाली, मी स्टुलावर, हातात विळा. त्याच्या गालांत खड्डे पडले होते. त्याच्या मागं सॅलडचे वाफे, मध्ये मध्ये रिकामे, दात पडल्यासारखे. त्याला कळलं मी ते बघतेय, आणि तो वाफ्यांच्या आणि माझ्यामध्ये सरकून उभा राहिला. आता एवढ्या मोठ्या वाफ्याला एक माणूस काय झाकणार?

जाऊ दारात येऊन थांबली होती. मुलगाही आला होता, ह्या वेळी गाडीखालून बाहेर.

"शब्द," धाकटा म्हणाला. आवाज बारीक होता. "शब्द परत घ्या, वहिनी. सगळे आहेत इथं."

"नाही घेणार."

"मग उत्तरेचा पडदा बंदच राहील."

"राहू दे. मी हा कागद शेवटपर्यंत काढणार. मग हे घर एकच होणार. मग तुझी बुरशी माझी आणि माझी तुझी. बंद ठेवून बघ कुणाची जास्त होते."

"तुम्ही वाटणी मोडताय."

"मोडतेय. 'आत्ता घे' मीच म्हटलं, मीच मोडतेय. गाडीवाल्यांना बोलाव, त्यांच्यासमोर मोडते."

मी पुढच्या गाठीला विळा लावला आणि स्टुलाचा एक पाय ओल्या मातीत रुतला. स्टूल कलंडलं. सुनेनं एका बाजूनं धरलं, पण ती बारकी. माझी कंबर फिरली, मी तारेला लटकले. आणि मग स्टूल स्थिर झालं. धाकट्यानं दुसऱ्या बाजूनं दोन्ही हातांनी ते धरलं होतं, छातीला लावून.

तो काय धरून उभा आहे हे त्यालाही दिसत होतं आणि मलाही. त्या वेळी मी एक शब्द बोलले असते तर तो सोडून गेला असता.

"कापा," तो म्हणाला. "हात दुखत असेल तर मी चढतो."

"तुझं वजन पेलणार नाही त्याला."

"बरं. कापा."

शेवटच्या गाठीपर्यंत मीच कापलं. तो प्रत्येक वेळी स्टूल उचलून पुढे ठेवायचा, आधी मातीत एक फळी टाकायचा आणि मग ठेवायचा. कागद खाली पडला आणि मुलानं आणि जावेनं तो ओढत बाहेर नेला. धाकटा उत्तरेच्या हँडलकडे गेला. ते गंजलं होतं. त्यानं दोन्ही हातांनी जोर लावला, पडदा कुरकुरला आणि वर चढायला लागला. सुनेनं दक्षिणेचा वर केला.

वारं आलं. आधी पायांना लागलं, मग कमरेला, मग टोमॅटोची पानं एका टोकापासून हलायला लागली आणि ती हालचाल दुसऱ्या टोकाला जाऊन बाहेर पडली. माझा भिजलेला स्वेटर पाठीला बर्फासारखा चिकटला. दात वाजत होते. मी बाहेर गेले नाही.

"मधली ओळ काढायला हवी," धाकटा म्हणाला. कागदाजवळची, माझी. तिची खोडं तो वाकून बघत होता. "सगळी. चांगली दिसतात ती पण. ही राहिली तर वारं इथंच अडेल, आणि लागण हीच देणार."

सून माझ्याकडे बघायला लागली. त्या ओळीत अजून हिरवी झाडं होती, फळांनी वाकलेली. एरवी मी त्याला विचारलं असतं की तुला कधीपासून टोमॅटो कळायला लागले. मी ओळीच्या पहिल्या झाडाची सुतळी सोडली, खोड धरलं आणि उपटलं. चांगलं जाड खोड होतं. फळं पायाशी पडली.

"आणि तुझा कागदाकडचा वाफा?" मी विचारलं.

त्यानं ओठ चावला. मग फावडं आणायला गेला.

सूर्य खाली जाईपर्यंत आम्ही पाचही जणं राबत होतो. जाऊ भट्टीवरच्या कुंड्या उतरवत होती, मुलगा लाकडं फोडत होता, सून पाटीवर पाटी भरून ढिगाकडे नेत होती. ह्या वेळी ढिगावर कुणी पेंढा टाकला नाही. खोडांवरची लव वाळून भुकटी व्हायला लागली होती. पण पानांच्या खालच्या बाजूला अजून ओल होती. मी प्रत्येक ओळीत बोटं फिरवून बघत होते.

बाहेर कोबीवर सावली आली. वारं पडलं आणि थंडी जमिनीतून वर यायला लागली, घोट्यांपासून. जाऊ म्हणाली, "आता झाका हो, टोमॅटो गोठतील." सून म्हणाली, "अजून ओले आहेत काकू, झाकले तर सडतील." दोघींचं खरं होतं.

धाकटा उत्तरेच्या हँडलशी उभा होता. दक्षिणेच्या हँडलशी मुलगा. भट्टीत जाळ धरला होता, पण तिचं दार अजून अर्धंच उघडलेलं.

"वहिनी," धाकट्यानं विचारलं, "सोडू पडदा?"

मी एका पानाखाली बोट लावलं. ओलं. पुढच्याला लावलं. जवळजवळ कोरडं. तोंडातून वाफ निघत होती. हाताला आता टोमॅटोचं पान आणि माझं बोट, दोन्ही सारखंच गार लागत होतं.

"थांब," मी म्हटलं. "तुला काय वाटतं?"

त्यानं मान वर करून आकाशाकडे बघितलं. मग जवळच्या वाफ्यातल्या एका पानाखाली बोट लावलं, अगदी हळू.

"अजून थोडं," तो म्हणाला.

"बरं," मी म्हटलं. आणि आम्ही थांबलो.